रॅम्पवरचा जवळा

आमच्या कंपनीत दोन शब्द दिवसभर कानावर पडतात, स्लोप आणि रॅम्प. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला आहे. तयार माल ट्रकमध्ये भरून रवाना करायचा, हे माझं काम. गोदाम धुतलं की पाणी आपसूक मोरीकडे जावं म्हणून फरशीला जो हलका उतार दिलाय, तो स्लोप. आणि गोदामाच्या उंच दारापासून खालच्या रस्त्यापर्यंत जो सिमेंटचा पट्टा उतरतो, ज्यावरून मालाच्या ट्रॉल्या वरखाली होतात, तो रॅम्प. नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी मी त्याला बजावते, रॅम्प पे खड़ा नहीं रहना. तो मान डोलावतो आणि दुपारी येऊन सांगतो, मॅडम, स्लोप पे ट्रॉली लगा दी. मग मी त्याला दोन्हीतला फरक समजावते. बाईला दुसरा उद्योग नाही, असं तो मनात म्हणत असणार.

मराठीत आपण या भानगडीत पडतच नाही. वर उभं राहिलं की उतार, खाली उभं राहिलं की चढ. जागा तीच, आपण कुठे आहोत त्यावरून नाव. इंग्रजीत तसं नाही. स्लोप म्हणजे नुसतं तिरकं असणं. तो डोंगराला असतो, किनाऱ्याला असतो, पत्र्याच्या छपराला असतो, आणि त्यावरून कुणी चालावं की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. रॅम्प मात्र कुणीतरी कुणासाठी तरी बांधलेला असतो, एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाता यावं म्हणून. हे मी एवढं ठासून सांगते, कारण याच दोन शब्दांवरून मी माझ्या सख्ख्या भावाशी आठवडाभर बोलत नव्हते. मी नाकावर माशी बसू देत नाही असं माहेरी माझ्याबद्दल बोलतात, आणि ते काही खोटं नाही.

माहेर माझं शिरगावच्या अंगाला, किनाऱ्यावर. आमची मच्छीमारांची वस्ती. घरात आई, थोरला भाऊ आणि वहिनी. दादाची होडी आहे. वहिनी मासे सुकवते आणि बाजारात नेते, तेच आधी आई करायची. मी लग्न होऊन सरावलीला आले, नवऱ्याचीही नोकरी कारखान्यातलीच. पण सुट्टीचा दिवस आला की माझी स्कूटर आपली शिरगावच्या वाटेला लागते. नवरा म्हणतो, स्कूटरला माहेरचा रस्ता पाठ झालाय, तू झोपलीस तरी नेईल.

उधाणाचं पाणी घरात शिरू नये म्हणून आमच्याकडे घरांचे ओटे उंच बांधतात. आमचा तर जरा जास्तच उंच आहे, कारण वडिलांना सगळं जास्त लागायचं. ओट्याला पायऱ्या, पायऱ्यांच्या खाली रेती, आणि पुढे सिमेंट घोटून केलेलं आमचं खळं, म्हणजे मासळी सुकवायचं अंगण. गेल्या श्रावणात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. आई रिकामी टोपली घेऊन उतरत होती, पाय सटकला, आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन पालघरला झालं आणि चांगलं झालं. डॉक्टर तरुण होता पण बोलायला स्पष्ट. हाड जुळल्यावर त्याने दादाला आणि मला समोर बसवून सांगितलं की आता आजींनी चालायलाच हवं. पलंग ते मोरी एवढं नाही, बाहेर, उघड्यावर, रोज. नाही चालल्या तर पाय आखडेल, आणि एकदा या वयात पाय आखडला की पुढचं सगळं आयुष्य पलंगावर. मी आईकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होती, जणू काही दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

घरी आल्यावर तिने वॉकर घेतला, आतल्या खोल्यांतून चालली, स्वयंपाकघरात जाऊन वहिनीच्या कालवणात मीठ कमी आहे हेही सांगून आली. पण ओट्याच्या कडेला आली की थांबायची. खाली पायऱ्या. दादा म्हणाला, मी आणि होडीवरचे खलाशी मिळून तुला खुर्चीत बसवून खाली उतरवतो. त्यावर आईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाली, "चौगांच्या खांद्यावरून मानूस एकदाच जातं. माजी येळ आली की न्या."

मी तिला खूप समजावलं. गोड बोलले, रागावले, रडलेसुद्धा. ती एकच म्हणायची, बाहेर माझं काय अडलंय. सगळं आयुष्य बाहेर काढलं, आता बसते की घरात. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. पण पहाटे होड्या लागल्याचा आवाज आला की जी बाई अंथरुणात पडून राहिली नाही, तिला घरात बसायचं सुख कुठून आठवलं? ती भ्यायली होती. मला ते कळत होतं आणि ती ते मरेस्तोवर कबूल करणार नाही हेही कळत होतं.

म्हणून मी दादाला सांगितलं, दिवाळी झाली की ओट्याला रॅम्प बांधून घे. पैसे अर्धे मी देते, पण बांध. दादा म्हणाला, हा, स्लोप करून टाकू, गवंडी आपलाच आहे. मी म्हटलं स्लोप नाही, रॅम्प. तो म्हणाला, तेच ते. मी फोनवरच तोंडाचा पट्टा सोडला. तेच ते नाही, म्हटलं, माझा जन्म त्या रॅम्पवर चाललाय. तो हो हो म्हणाला, आणि पुरुष जेव्हा हो हो म्हणतात तेव्हा त्यांनी ऐकलेलं नसतं.

पुढच्या रविवारी गेले तर काम उरकलेलं. गवंडी आमच्याच वस्तीतला. आख्ख्या किनाऱ्यावरची खळी त्याने बांधलेली, आणि हात असा की सिमेंट घोटून त्याचा आरसा करतो. तोच आरसा त्याने आमच्या ओट्याला लावला होता. आखूड, तीव्र, गुळगुळीत. मी नुसती बघत राहिले. त्यावर पोरांनी घसरगुंडी खेळावी, किंवा त्यावरून आईने दुसराही खुबा मोडून घ्यावा. गवंडी मात्र खुशीत होता. "पान्याचा एक थेंब थांबनार नाय, ताई," तो म्हणाला.

"पाणी नाही उतरायचं," मी म्हटलं, "आई उतरायची आहे."

त्याचा तरी काय दोष. खळ्याला उतार द्यायचा तो मासे धुतलेलं पाणी जावं म्हणून, हे त्याच्या हातात बसलेलं. आमच्या गावात तिरकं सिमेंट म्हणजे पाण्याची वाट, दुसरं काही नाही. दादाने त्याला स्लोप सांगितला, त्याने उत्तम स्लोप दिला. पण तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी दादाला गवंड्यासमोरच नाही नाही ते बोलले. दादा म्हणाला, बोईसरला बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. मी चहासुद्धा न घेता स्कूटरला किक मारली, आणि मग तो आठवडाभराचा अबोला.

अबोला मोडला तो वहिनीने. तिचा फोन आला की फोडायला घेतलाय, तुम्ही येऊन कसा हवा ते दाखवा. वहिनी फार बोलत नाही. माझ्या आईच्या हाताखाली इतकी वर्षं काढायची तर तोच एक मार्ग असावा. मी रजा टाकून गेले. या वेळी मी आणि गवंड्याने दोरी धरून आखणी केली. उंची तीच, म्हणून लांबी भरपूर वाढवावी लागली. भिंतीच्या कडेकडेने जात रॅम्प जो उतरला तो खळ्याचा चांगला मोठा तुकडा गिळून बसला, आणि खाली रेतीत जाऊन टेकला. पाय सरकू नये म्हणून वर खाचा हव्या होत्या. कंपनीत त्यासाठी साचा असतो. इथे दादाने होडीचा जुना दोर आणला, आम्ही दोघांनी दोन टोकांना धरून तो ओल्या सिमेंटवर दाबत दाबत खालपर्यंत नेला. दोराच्या पिळाची नक्षी उमटली. एका बाजूने पाइपचा कठडा बसवला. गवंडी नाराज होता. एवढं खरबरीत काम त्याच्या हातून म्हणे जन्मात झालं नव्हतं, आणि लोकांना त्याचं नाव सांगू नका असं त्याने बजावून ठेवलं.

पण सिमेंट वाळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मी स्वतः वरखाली चालून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं, एका पायावर भार देऊनही पाहिलं. पाय कुठे सरकत नव्हता. दादाने तर त्याच संध्याकाळी त्यावरून मोटारसायकल ओट्यावर चढवली आणि म्हणाला, आता कळलं रॅम्प कशाला म्हणतात. मीही हसले. आपलंच माणूस, किती दिवस तोंड फिरवणार.

आईने त्यावर पाऊल ठेवलं नाही.

तिने ओट्याच्या कडेला येऊन पाहिला, चांगला झालाय म्हणाली, एवढा खर्च कशाला केला म्हणाली, आणि वॉकर फिरवून आत गेली. मी म्हटलं, असेल, पहिल्या दिवशी नको वाटत असेल. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तिने पाय दुखतो म्हणून सांगितलं. डॉक्टरकडे दाखवायला न्यायची वेळ आली तेव्हा ती दादाच्या हाताला धरून आतल्या दाराने मागच्या बाजूला गेली, तिथे जमीन उंच म्हणून घर तिला लागूनच आहे, पण बोळ जेमतेम रिक्षा मावेल एवढा, चालायला जागा नाही, आणि रिक्षा मागच्या बोळात लावून परत त्याच बोळातून घरात. डॉक्टरने पाय वाकवून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आखडायला लागलाय, म्हणाला. अजून वेळ गेलेली नाही, पण जाईल.

घरी येताना रिक्षात मी आईचा हात धरला होता. तिचे हात मासे कापून कापून टणक झालेले, तेही मऊ पडले होते. मला ते सहन झालं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, आमच्या आईचा पीळ तर दादाच्या त्या दोरासारखा सिमेंटवर उमटावा असा. त्याच्यापुढे मी हात टेकले होते.

त्यानंतर कंपनीत कामाचा असा काही रेटा आला की दोन रविवार मला जाताच आलं नाही. गेले तेव्हा थंडी पडली होती, ऊन लख्ख होतं, गल्लीत शिरल्या शिरल्या सुक्या मासळीचा वास आला आणि भूक लागली. फाटकातून आत पाहिलं, आणि मी स्कूटरवरून उतरायचीच विसरले. रॅम्पवर जवळा वाळत घातला होता. जवळा म्हणजे ती अगदी बारीक कोलंबी, बोटाच्या पेरापेक्षा लहान, मूठमूठभर पसरून उन्हात वाळवायची. वरपासून खालपर्यंत, कठड्यापासून भिंतीपर्यंत, मी आखलेला, मी भांडून बांधून घेतलेला तो रॅम्प गुलाबी झाला होता. मुंगीला चालायला जागा नव्हती. आणि वर, ओट्याच्या कडेला खुर्ची टाकून आई बसलेली, हातात लांब काठी, कावळे हाकलतेय.

मी कपाळावर हात मारला. वहिनीला हाक मारली ती चार घरं ऐकतील अशी. ती आतून ओले हात पुसत आली. मी विचारलं, हे कशासाठी बांधलंय? आई कशी उतरणार? खळं काय कमी पडलं तुम्हाला? ती शांतपणे म्हणाली की हो, कमीच पडलं. अर्धं खळं या रॅम्पने खाल्लं, उरलेल्यात बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांड्या उभ्या, जवळा यंदा भरपूर आला, घालू कुठे? आणि इथे ऊन दिवसभर असतं. आई वरून म्हणाली की तुझ्या त्या खाचांमुळे तर जवळा खाली घसरतसुद्धा नाही, फार चांगलं काम झालंय. मला चिडवत होती की खरंच कौतुक करत होती, देव जाणे. गवंड्याने येऊन पाहिलं असतं तर तोही सुखावला असता.

मी त्या दिवशी वहिनीला बरंच बोलले. सासू घरात बसलेली बरी वाटते का, असंही बोलले. तिने वाटीभर जवळा भाजून कांदा घालून माझ्यासमोर ठेवला. रागात असले तरी जवळा समोर आल्यावर मी उपाशी राहणाऱ्यातली नाही. खाल्ला, निघाले, आणि पुढे रोज दुपारच्या सुट्टीत फोन करून विचारायला लागले, काढला का जवळा? वहिनी म्हणायची, आज नाही, ऊन चांगलं आहे. मी फोन आपटायची, आणि रागाने दोन-तीन रविवार तिकडे फिरकलेही नाही. आमच्या लोकांना सिमेंटचा तुकडा मोकळा बघवतच नाही. रस्ता असो, जेट्टी असो, देवळाचं आवार असो, तिथे काहीतरी वाळत घालतीलच. मीही त्यातलीच आहे, माझ्या सरावलीच्या गच्चीवर काय वाळत असतं ते आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांना विचारा. पण आईच्या पायावर? याचा मला राग होता.

मग एकदा मधल्या वारी कंपनीची वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी घरी न जाता सरळ शिरगाव गाठलं. मनाशी ठरवून निघाले होते की आज खराटा हातात घेऊन सगळा जवळा मीच गोळा करणार, वहिनीला काय वाटायचं ते वाटो, दादाशी पुन्हा अबोला झाला तर होवो. फाटक उघडलं. वहिनी रॅम्पच्या पायथ्यापाशी नव्हती, बाजूला वलांडीच्या आडोशाला उभी होती, आणि मला पाहताच तिने बोट ओठांवर ठेवलं. मी वर पाहिलं तर खुर्ची रिकामी.

आई रॅम्पवर होती. मध्याच्याही खाली. डाव्या हाताने कठडा धरलेला, उजव्या हातात खराटा, आणि जवळा पालटत होती. जवळा दुपारी पालटावा लागतो, नाहीतर खालून दमट राहतो. आईला दुसऱ्या कुणी पालटलेला जवळा कधी पटला नाही. वॉकर कुठे दिसत नव्हता. ती पुटपुटत होती, कुणाला तरी शिव्या घालत होती, बहुतेक वहिनीलाच. एक खराटा मारायचा, कठड्यावरचा हात पुढे सरकवायचा, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. पुन्हा खराटा.

मी धावले. वहिनीने माझा दंड असा घट्ट पकडला की नंतर तिथे निळं पडलं.

"धरू नका, ताई," ती म्हणाली. "धरलंत की तिला आठवंल ती कुटं हाय."

मग तिने हळू आवाजात सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता, आईवर नजर ठेवून. पहिल्या दिवशी जवळा घातला तो खरंच जागा नव्हती म्हणून. पण दुपारी ती पालटायला लागली तर आई खुर्चीवरून ओरडायला लागली, असा नाय, असा नाय. वहिनी म्हणाली, मला नाही येत, तुम्हीच पालटा. आईने काठीला खराटा बांधून खुर्चीतूनच वरवरचा पालटला. दुसऱ्या दिवशी वहिनीने वरची वीतभर जागा मोकळी सोडून जवळा घातला. आईचा खराटा पुरेना. आईने कठडा धरला आणि एक पाऊल टाकलं. तिसऱ्या दिवशी आणखी वीतभर खाली. आईने चिडून विचारलं, वरती जागा का सोडतेस? तर वहिनीने सांगितलं, वरती मांजर येते. हे असं रोज चाललं होतं, माझे फोन आपटणं चाललं होतं तेव्हा. मला का नाही सांगितलंस, मी विचारलं. ती म्हणाली, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आईला शाबासकी दिली असती.

दिली असती. फोन करून दिली असती, आणि आई दुसऱ्याच दिवशी पलंगावर जाऊन बसली असती. माझ्या आईची मी मुलगी, पण तिला ओळखलं होतं ते वहिनीने. मला रडू आलं आणि मी ते तसंच येऊ दिलं, वहिनीच्या खांद्यावर. तिच्या अंगाला जवळ्याचा वास येत होता.

आज जवळा मध्याच्या खालीच घातला होता, पार शेवटपर्यंत, जिथे सिमेंट रेतीला टेकतं तिथवर. आईला ते वरून दिसलं होतं आणि तरी ती निघाली होती. ती तिथवर आली. खराटा मारला, वाकून एक चिमूट उचलली, दातांखाली धरून पाहिली, थुंकली. अजून एक दिवस लागेल, असं स्वतःलाच सांगितलं. तेव्हा कठडा संपलेला होता. तिने हात सोडला की नाही ते मला दिसलं नाही, पण पुढच्या क्षणी तिचे दोन्ही पाय रेतीत होते.

आणि मग तिला आम्ही दिसलो. मी डोळे पुसत होते. दादाही कुठून तरी आला होता, जाळं खांद्यावर, फाटकात खिळून उभा. सगळे तिच्याकडे बघतायत हे तिला कळलं, आणि मला वाटलं आता ती घाबरणार, आता पाय लटपटणार. वहिनीची पकड अजून माझ्या दंडावर तशीच होती. आई आमच्याकडे पाठ करून सावकाश वळली, आणि परत वर चढायच्या आधी खराट्यावर भार देऊन घराकडे बघत राहिली.

ती घराकडे बाहेरून कितीतरी महिन्यांनी बघत होती. मधे दिवाळीच्या आधी दादाने घराला रंग काढला होता. आधीचा आकाशी रंग जाऊन आता भडक पोपटी झाला होता. ओट्यावरच्या भिंतीला फरशी आहे, मागच्या बाजूला नुसता गिलावा, त्यामुळे आतून काय किंवा ओट्यावर बसून काय, तो तिला दिसलाच नव्हता. रंगाचा वास तिच्या पलंगापर्यंत गेला असेल तेवढाच. घर वडिलांनी बांधलं, तिने आयुष्यभर झाडलं, आणि रंग कोणता काढायचा हे तिला विचारायचं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं. ती आता बाहेर येणार नाही, हे आम्ही सगळ्यांनीच आत कुठेतरी धरून टाकलं होतं की काय. तोंडाने रॅम्प बांधत होतो, पण मनाने?

आईने आधी भिंतीकडे पाहिलं, मग दादाकडे.

"ह्यो कंचा रंग काडला?"

एवढा मोठा होडीवाला माणूस, जाळ्याच्या गाठी चाचपत उभा राहिला. शेवटी वहिनीच पुढे झाली. आईला धरलं नाही, नुसती बाजूला जाऊन उभी राहिली.

"नाय आवडला तर बदलू, आय."

आई पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत घर बघत होती. मग तिने कठड्याकडे हात नेला आणि दुखरा पाय रॅम्पवर टेकवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "रोज बगंन, मंग आवडंल."